पाया खणताना



गेली दोन वर्षं माझं लिहिणं कमी झालं, म्हणून बऱ्याच जणींनी चौकशी केली. कुणी विचारलं, तब्येत बरी आहे ना? एका वहिनींनी तर सरळच विचारलं, व्रत-दीक्षेचा काही विचार चाललाय का? तसं काही नाही. मी कॉलेजला जाते. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, आठवड्यातून दोन दिवस, संध्याकाळी सहा ते नऊ. शिकते काय, तर बांधकाम व्यवस्थापन. म्हणजे इमारत बांधताना कुठलं काम कधी, कुणी, किती खर्चात आणि कुणाला इजा न होता करायचं, ते.

हे वाचून तुम्हांला जे वाटलं असेल, तेच माझ्या सासूबाईंनाही वाटलं. त्या गावी असतात. दर रविवारी आमचा फोन असतो. मी सांगितल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "जमीन खणायची, झाडं पाडायची, चुना-सिमेंट कालवायचं. पृथ्वीकाय, जलकाय, वनस्पतिकाय, सगळ्याच जिवांची हिंसा. आणि ती शिकायला तू फी भरतेस होय?"

मला उत्तर सुचलं नाही. "क्लासला उशीर होतोय, आत्याबाई" म्हणून मी फोन ठेवला. तो प्रश्न मात्र दोन वर्षं माझ्या मागं लागला. आजचा लेख त्याबद्दलच आहे.

आधी, मी तिकडं वळले कशी ते सांगते. चार वर्षांपूर्वी आम्ही स्वयंपाकघर नवीन करायला काढलं. आम्ही कॅलिफोर्नियात सान होजेजवळ राहतो. कंत्राटदारानं सुरुवातीलाच निम्म्याहून जास्त पैसे घेतले. भिंत पाडली, ओटा काढला, आणि मग रोज नवीन खर्च. नळ इकडं घ्यायचा तर जादा, दिवा तिकडं तर जादा. प्रत्येक कागदावर सही माझी, कारण हे ऑफिसात आणि घरी मी. दोन महिने गॅरेजमध्ये एका शेगडीवर स्वयंपाक केला. सूर्यास्ताच्या आत सगळ्यांची पानं वाढायची, आणि समोर धूळ. भांडण करण्याइतकीसुद्धा माहिती मला नव्हती. पुढं कळलं की घराच्या अशा कामासाठी कॅलिफोर्नियात आगाऊ रक्कम जास्तीत जास्त १,००० डॉलर किंवा कराराच्या १० टक्के, यांतली जी कमी असेल तेवढीच घेता येते, असा कायदाच आहे. मी सही केलेल्या कागदात काय होतं, हे मला सही केल्यावर सहा महिन्यांनी समजलं. त्याची लाज वाटली आणि रागही आला. त्या रागातच कॉलेजचं माहितीपत्रक उघडलं.

इथलं कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय, ते गावाकडच्या मैत्रिणींसाठी सांगते. हे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. प्रवेशपरीक्षा नाही, वयाची अट नाही. दिवसा नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग. असं पहिलं सरकारी कॉलेज इलिनॉय राज्यात जोलिएट गावी १९०१ साली सुरू झालं, आणि कॅलिफोर्नियातलं पहिलं फ्रेस्नोला १९१० साली. आता या एका राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत. राज्यातल्या रहिवाशाला एका युनिटला ४६ डॉलर फी. तीन युनिटांचा एक विषय म्हणजे १३८ डॉलर, वर पुस्तकं आणि किरकोळ शुल्क. इथल्या विद्यापीठांच्या फीपुढं हे काहीच नाही.

पहिल्या दिवशी वर्गात बसले तेव्हा मला आपले कर्मवीर आठवले. भाऊराव पाटील कुंभोजचे, आपल्याच समाजातले. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' म्हणत शेतकऱ्या-मजुरांच्या मुलांना शाळेत बसवलं. लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले. माझ्या वर्गात ते 'कमवा आणि शिका' मला डोळ्यांसमोर दिसत होतं. बहुतेक मुलं दिवसभर साइटवर काम करून, बुटांना माती तशीच घेऊन आलेली. माझ्या शेजारी बसणारा मुलगा मेक्सिकोहून लहानपणी आलेला. भिंतींना जिप्समचे पत्रे मारायचं काम करतो. आम्ही बायका तिघी. त्यांतली मी एकटी आईच्या वयाची.

पहिल्या आठवड्यात वाटलं, आपण चुकीच्या ठिकाणी आलो. नकाशावरच्या खुणा कळेनात, फूट-इंचांचे अपूर्णांक डोक्यात घोळ घालायचे. मग एकदा मास्तरांनी गणित घातलं. वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, चार इंच जाड फरशीला काँक्रीट किती लागेल? मुलं कॅल्क्युलेटर शोधेपर्यंत मी म्हणाले, "एक ब्रास." सगळे माझ्याकडं बघायला लागले. आपल्याकडं वाळू-खडीची ट्रॉली ब्रासमध्येच येते ना! एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि हे गणित बरोबर १०० घनफुटांचं. इथं घनयार्डात मोजतात, एका घनयार्डात २७ घनफूट, म्हणजे झालं ३.७. सांडलवंड धरून चार घनयार्ड मागवायचं. लहानपणी आप्पांच्या मागं वाळूच्या ढिगाला टेप लावत फिरले होते, ते असं उपयोगी पडलं. त्या दिवसापासून शेजारचा मुलगा मला हिशेब तपासायला वही द्यायला लागला. नकाशे कसे वाचायचे, ते त्यानं मला शिकवलं.

तसंच नव्या बांधकामाला पाणी मारायचं. आठवतं का, घर बांधताना सकाळ-संध्याकाळ भिंतींवर, स्लॅबवर पाणी शिंपायचं काम आपल्याच पोरींकडं असायचं? मला वाटायचं, धूळ बसायला मारतात. इथं कळलं की काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया होते आणि त्यानं ते घट्ट होतं, म्हणून त्याला ओलं ठेवावं लागतं. त्याची ताकद तपासतात ती सहसा २८ दिवसांनी. आपल्या आयांना हे नाव माहीत नव्हतं, पण पाणी मारायला त्या चुकत नव्हत्या.

सगळ्यांत मजा आली ती वेळापत्रकाच्या विषयाला. १९५० च्या दशकाच्या शेवटी ड्यूपाँट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी एक पद्धत बसवली. प्रत्येक काम लिहायचं, त्याला किती वेळ लागतो, ते कशानंतर होऊ शकतं, हे मांडायचं. त्यातून कामांची एक साखळी निघते, जिच्यात एक दिवस उशीर झाला तर सगळी इमारत एक दिवस लांबते. ती साखळी जपायची. बाकीच्या कामांना थोडी सवड असते. साखळी शोधायला आधी सुरुवातीकडून पुढं मोजायचं आणि मग शेवटाकडून मागं यायचं. हे मागं येणं मुलांना जमेना. मला मात्र हसू येत होतं.

मैत्रिणींनो, आपण आयुष्यभर दुसरं काय केलं? डिसेंबरात इथं पाचच्या आतच सूर्य मावळतो. म्हणजे साडेचारला पानं वाढलेली हवीत. म्हणजे सव्वाचारला पोळ्या व्हायला हव्यात, साडेतीनला आमटीला फोडणी, तीनला डाळ कुकरला. म्हणजे डाळ दोनलाच भिजत घातली पाहिजे. कोशिंबीर मधे कधीही करता येते, तिला सवड आहे. डाळीला नाही. रात्री न जेवणाऱ्या घरातली बाई रोज सूर्यास्तापासून मागं मोजत येते. क्लासच्या दिवशीही मी तेच करते. साडेचारला जेवण, पावणेपाचला भांडी, साडेपाचला गाडीत. नऊला वर्ग सुटला की मुलं पिझ्झा खायला जातात, मला आग्रह करतात. मी हात जोडते. आता त्यांना ठाऊक झालंय, आणि तो शेजारचा मुलगाच बाकीच्यांना सांगतो, "त्या सूर्य मावळल्यावर खात नाहीत."

इथपर्यंत सगळं गोड होतं. मग सुरक्षिततेचा विषय आला.

त्या संध्याकाळी मास्तरांनी फळ्यावर एक आकडा लिहिला, ५. चर पाच फूट किंवा त्याहून खोल असेल तर माणूस आत उतरवण्याआधी कडांची सोय केलीच पाहिजे. एक तर कडा तिरप्या कापायच्या, पायऱ्या करायच्या, नाही तर फळ्या लावून टेके द्यायचे, किंवा आत लोखंडी पेटी सोडायची. अखंड खडक असेल तरच सूट. पाच फुटांपेक्षा कमी खोली असली, तरी माती ढासळायची चिन्हं दिसली तर हीच काळजी घ्यायची. खणलेली माती काठापासून किमान दोन फूट लांब टाकायची, म्हणजे तिचं वजन कडेवर येत नाही. चार फुटांवर खोल असेल तर शिडी, आणि ती आतल्या माणसाला २५ फुटांच्या आत सापडली पाहिजे. जाणकार माणसानं रोज काम सुरू होण्याआधी आणि पाऊस पडून गेल्यावर चर तपासायचा. एक घनयार्ड मातीचं वजन एखाद्या मोटारीएवढं भरू शकतं, आणि ती ढासळते तेव्हा पळायला वेळ देत नाही. शेवटी मास्तर म्हणाले की ज्या मातीला भेगा आहेत, तिला कधीच पक्की माती समजू नका.

भेगा म्हटल्यावर मला आमची काळी माती दिसली, आणि तिच्याबरोबर एक सकाळ. ही गोष्ट मी आजवर कुठं लिहिली नाही.

मी पाचवीत होते. आप्पांनी नवीन घर बांधायला घेतलं. भूमिपूजनाला उपाध्ये आले. पाया आखला, तर एका कोपऱ्यात मुंग्यांचं मोठं वारूळ. माझे आजोबा कडक व्रती. ते म्हणाले, "आज कुदळ मारायची नाही." लांब कडुलिंबाखाली पिठाची रेघ ओढली, साखर ठेवली. दोन दिवस मुंग्या तिकडं जाईपर्यंत काम बंद. आम्ही पोरं त्या रेघेवर पहारा करत बसलो होतो. गावात सगळ्यांनी कौतुक केलं. आजोबांसारखा श्रावक नाही, असं म्हणाले.

तिसऱ्या दिवशी खणायला सुरुवात झाली. काळ्या मातीत मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं. चर माणसाच्या डोक्याएवढा खोल गेला. भिंती सरळ उभ्या, माती काठावरच टाकलेली, शिडी नाही. आदल्या रात्री वळवाचा पाऊस झाला होता. सकाळी दहाच्या सुमाराला एक कड बसली. आत एक तिशीतला माणूस होता. छातीपर्यंत पुरला. सगळ्यांनी हातांनी माती उपसली, त्याला बाहेर काढलं. जीव वाचला, पण कंबर गेली. त्यानंतर तो कधी सरळ उभा राहून काम करू शकला नाही. आप्पांनी दवाखान्याचा खर्च केला, एक वर्ष ज्वारी पोचवली. मग हळूहळू ते बंद झालं. घर पूर्ण झालं, वास्तुशांती झाली. लोक म्हणाले, त्याचं कर्म. आमच्या घरातही तेच म्हटलं गेलं.

आम्ही मुंग्यांसाठी दोन दिवस थांबलो. माणसासाठी पावसानंतर एक तासही थांबलो नाही.

आजोबा खोटे नव्हते, हे मला ठामपणे सांगायचंय. त्यांची दया खरी होती. पण त्यांना डोळ्यांना दिसलेला जीव वाचवता आला. मातीची कड केव्हा बसते, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नव्हतं. त्या रात्री वर्ग सुटल्यावर मी पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले. णमोकार म्हणायला गेले, तर तोही मधेच अडकला.

पुढच्या रविवारी सासूबाईंना हे सगळं सांगितलं. त्यांना लग्नात आमचं घर आवडलं होतं, ही गोष्ट ठाऊक नव्हती. मग मी त्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न केला. म्हटलं, आत्याबाई, आपल्या शास्त्रात हिंसेचे चार प्रकार तुम्हीच मला शिकवलेत. संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. ठरवून, मुद्दाम केलेली संकल्पी हिंसा श्रावकानं पूर्ण सोडायची. घरसंसारातली आरंभी आणि पोटापाण्याच्या धंद्यातली उद्योगी मात्र गृहस्थाला पूर्ण सुटत नाही. ती होईल तितकी कमी करायची, यत्नानं वागायचं. मी घर बांधायला शिकले नाही, तरी आपण घरात राहणारच. बस्तीसुद्धा कुणीतरी पाया खणूनच बांधली. मग तो पाया कसा खणायचा, हे आपल्यापैकी कुणाला माहीत नको का?

त्या ऐकत होत्या. मी पुढं सांगितलं, की वर्गाबरोबर एक साइट बघायला गेलो होतो. तिथं एका झाडाभोवती नारिंगी जाळी लावलेली. काय तर झाडावर घरटं सापडलं. इथं १९१८ पासून स्थलांतरी पक्ष्यांचा कायदा आहे. फेब्रुवारी ते ऑगस्ट हा विणीचा काळ धरतात. त्या काळात झाडं तोडण्याआधी जाणकार येऊन घरटी शोधतो. पिल्लं उडून जाईपर्यंत त्या भोवतीचं काम बंद. वेळापत्रकात त्याची सोय आधीच करून ठेवतात. आणि उन्हाळ्यात ८० अंश फॅरनहाइटला तापमान गेलं, की कामगारांसाठी सावली तयार ठेवणं या राज्यात सक्तीचं आहे. माणशी तासाला साधारण एक लिटर थंड पाणी, आणि मागेल तेव्हा विश्रांती. पक्षी आणि माणूस, दोघांचा विचार एकाच कागदावर.

सासूबाई म्हणाल्या, "आपण पाणी गाळतो. गाळण्यावर राहिलेले जीव परत त्याच विहिरीत सोडतो. माझी आई सांगायची, वरनं फेकायचे नाहीत, बादली खाली पाण्यापर्यंत नेऊन अलगद उलटी करायची. नुसतं गाळलं म्हणजे झालं नाही, पोचवायचं पण." मग म्हणाल्या, "तो माणूस असाच राहिला बघ. वर काढला, पण पोचवला नाही."

मी गप्प बसले. दोन वर्षं मी जे मांडायला धडपडत होते, ते त्यांनी विहिरीवरून सांगून टाकलं.

मुनिराज चालताना चार हात पुढची जमीन बघून पाऊल टाकतात, ती ईर्या समिती. वस्तू उचलताना-ठेवताना बघून उचलतात, ती आदान-निक्षेपण समिती. आपण गृहस्थ, आपल्याला ते पूर्ण पाळणं शक्य नाही. पण रोज सकाळी काम सुरू होण्याआधी चराच्या काठानं चालत जाऊन भेगा बघणारा माणूस मला त्याच वाटेवरचा वाटतो. त्याला ते शब्द माहीत नसले तरी.

आता गावाकडची गोष्ट. गेल्या वर्षी सासरच्या गावी बस्तीच्या मागं त्यागीनिवास बांधायचं ठरलं. माझे दीर कमिटीत आहेत. त्यांनी कौतुकानं मला खर्चाचा अंदाज पाठवला, "वहिनी, तुमच्या कॉलेजचं बघू दे" म्हणून. दगड, वाळू, सिमेंटची पोती, सळई, मजुरी, सगळं व्यवस्थित. जमीन तीच काळी, पाया सहा फूट. कडांसाठी मात्र एक ओळ नव्हती. मी चार ओळी घातल्या. कडा तिरप्या कापायचं जादा खोदकाम, दोन शिड्या, चराभोवती दोरी, आणि पाऊस पडला तर एक दिवस काम बंद, मजुरी चालू. एकूण खर्चाच्या मानानं रक्कम अगदी किरकोळ होती.

तरी कमिटीत कुरकुर झाली. "आजवर काय असंच बांधलं नाही का? दानाचा पैसा मातीत घालायचा?" असं कुणीतरी म्हणालं. शेवटच्या ओळीवर तर हसलेच, काम बंद आणि मजुरी चालू! सासूबाई बायकांच्या बाजूला बसल्या होत्या. त्या म्हणे उठून एवढंच बोलल्या, "साधूंना राहायला जागा बांधताय. तिच्या पायात कुणाचा जीव गेला, तर त्यात कोणता मुनी राहील?" ओळी मंजूर झाल्या. हेल्मेटं मी मागितली होती, ती मात्र झाली नाहीत. पुढच्या वेळी बघू.

दिरांनी फोटो पाठवला. तिरप्या कडांचा चर, आणि त्यात टेकवलेली बांबूची शिडी. मधे एकदा पाऊस झाला, एक दिवस काम थांबलं. पाया भरून झाला. काही झालं नाही. काही न होण्याची बातमी कुणी पाठवत नाही, पण मी तो फोटो अजून जपून ठेवलाय.

डिसेंबरात आम्ही भारतात गेलो, तेव्हा मी माहेरी एक काम केलं. तो माणूस बारा वर्षांपूर्वी वारला. त्याच्या मुलाचं एसटी स्टँडजवळ चहाचं दुकान आहे. आपण दर क्षमावणीला शेकडो लोकांना क्षमा मागतो. मोबाइलवर एक ओळ सगळ्यांना जाते. त्या यादीत हे घर कधीच नव्हतं. मी आणि माझा भाऊ जाऊन बसलो. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, ते सगळं विसरले. एवढंच म्हणाले, की पायाची ती कड आमच्या चुकीनं पडली. आम्ही तपासायला पाहिजे होती. उशीर झाला, पण क्षमा मागायला आलोय.

तो कपबश्या विसळत होता. त्यानं वर बघितलं नाही. मग विचारलं, "तुम्ही अमेरिकेत काय करता?" म्हटलं, पाया खणायच्या आधी काय काय बघायचं, ते शिकते. तो म्हणाला, "मग आमच्या आण्णाच्या टायमाला पाहिजे होतासा तुम्ही." त्यात टोमणा होता की नाही, मला कळलं नाही. आम्हांला चहा दिला. पैसे घेतले. ते त्यानं बरोबर केलं असं मला वाटतं. त्याच्या मुलीला नर्सिंगला जायचंय. त्याबद्दल भाऊ आणि तो बोलताहेत. काय होईल ते होईल, इथं लिहिण्यासारखं अजून काही नाही.

माझे चार विषय झाले, दोन राहिलेत. नोकरी लागेल की नाही माहीत नाही. पण तुमच्यापैकी कुणाच्या घरी, शेतात, बस्तीत पाया, विहीर किंवा टाकी खणणार असाल, तर मुहूर्त विचारता त्याच दिवशी एवढंही विचारा. किती खोल जाणार? पाच फुटांवर असेल तर कडांचं काय? माती काठापासून दोन फूट लांब पडते ना? आत शिडी आहे ना? पाऊस पडल्यावर कोण बघणार? हे विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही. घरातल्या बाईनं विचारलं तरी चालतं, आणि मजुरी चालू ठेवून एक दिवस थांबायला सांगितलं तर फारच उत्तम.

आणि हो, मुंग्यांसाठी पिठाची रेघही ओढा. ती मी अजूनही ओढते.

जय जिनेंद्र.